मेंढरांच्या आंघोळीची चौकशी

अमेरिकेला जाऊन आल्यापासनं जो भेटंल तो एकच इच्यारतो, काय बगितलंस म्हातारे? म्या सांगते, एका बाईनं मेंढरांच्या आंघोळीवरनं माजं डोकं खाल्लं, ते बगितलं. लोकांना ते पटत न्हाई. त्यास्नी उंच इमारती पायजेत, बर्फ पायजे. बर्फ नव्हता, मी गेले तवा उन्हाळा व्हता. इमारती लांबनं बगितल्या, गाडीच्या काचेतनं. म्हनून आता एकदाच सगळं सांगून टाकते. आमच्या बचत गटातली सुनंदा लिवून घेतीया. मला सही येते, त्याच्या म्होरं हात चालत न्हाई.

आमी सनगर. आमचं गाव माणदेशात, आन् धंदा घोंगडी इनायचा. मालक जाऊन लई वर्सं झाली. दोन पोरं. थोरला संपत शिकला, कंपुटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेला. धाकटा दत्तू मागावर बसतो. आमचा माग खड्ड्याचा असतो. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडायचे आन् दिवसभर वाकून इनायचं. बापाची पाठ त्यात गेली, आता दत्तूची चाललीया. आन् एवढं करून घोंगडं घेतंय कोन? बाजारात गुळगुळीत ब्लँकेट मिळतात, वाघाचं चित्र असलेली. दत्तूनं मला सरळ सांगितलं, "आये, येत्या कातरनीपत्तर बगतो. गिऱ्हाईक न्हाई गावलं तर खड्डा बुजिवतो आन् पुन्याला वॉचमनला जातो." ओरडला न्हाई, रागावला न्हाई. जेवता जेवता सांगितलं. तवाच मला कळलं की ह्येनं मनात ठरिवलंया.

त्याच टायमाला संपतचा फोन आला. त्येच्या घराजवळ हातानं केलेल्या मालाचं मोठं परदर्शन भरनार व्हतं, देशोदेशीचे व्यापारी येनार व्हते. त्येनं एक गाळा घेतला. म्हनला, घोंगडी घिऊन तू ये, तुला बगितलं की लोक थांबतील. म्हंजे मी बी मालच. बरं, म्हनलं. खड्डा ऱ्हात असंल तर मी बुजगावनं व्हायाला तयार.

इमानतळ

इमानातलं काय सांगू. पाय सुजले, एवढंच.

शिकागोला उतरल्यावर एका कागदावरनं प्रश्न इच्यारत व्हते. माज्याबरोबर लायनीत सोलापूरचे एक डॉक्टर व्हते, बिचारे मराठीत सांगत व्हते. म्हनले, मावशी, गेल्या काही दिवसांत तुमी जनावरांजवळ व्हता का, असं तो साहेब इच्यारतोय. म्या म्हनलं, गेले काही दिवस कसले, जल्म झाल्यापासनं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हनले, नुसतं न्हाई म्हना की, सुटाल. म्या म्हनलं, अहो, पेटीत घोंगडी हायेत, तो हुंगल की.

मला बाजूला घेतलं. पेटी उचकटली, घोंगडी उलगडून बगितली. मंग साहेबानं माज्या पायातल्या चपला मागितल्या. चपला! तितल्या मोरीत नेऊन कसल्या तरी औषधानं घासल्या आन् पिशवीत घालून हातात दिल्या. आमच्या गावच्या मातीला त्यांच्या देशात यायला मनाई. मी अनवानी भायेर आले. संपत मला बगून घाबरलाच. त्येला वाटलं कुनीतरी चपला चोरल्या.

शॉमबर्ग

शॉमबर्ग म्हंजे शिकागोजवळचं संपतचं गाव. घर मोठं. गावच्या चावडीएवढी तर त्यांची मोटार ठेवायची खोली. माजी घोंगडी त्याच खोलीत ठेवली, कारन घरात वास येतो. तसं मला कुनी बोललं न्हाई. सून मेधा पुन्याची, बोलायला गोड. "आई, इथे हवा लागेल त्यांना," म्हनली. नात रिया मातुर खरं बोलली. नाक दाबून म्हनली, "आजी, इट स्मेल्स लाइक अ झू." मेधा लाजली. मी इच्यारलं काय म्हनती, तर म्हनली, घोंगड्याला आजीसारखा वास येतो म्हणते. बरोबरच हाय की, म्हनलं.

दिवसभर घरात कुनी नसायचं. रस्त्यावर मानूस न्हाई, कुत्रं न्हाई, भांडन न्हाई. भाकरीचं पीठ मेधानं लांबच्या देशी दुकानातनं आनलं, पन ते कवाचं दळलेलं देव जाने. थापली की फाटायची. शेवटी मी भातावर दिस काढले. त्या पोरीचा त्यात काय दोष न्हाई.

एक दिवस लख्ख ऊन पडलं. घोंगडी बंद खोलीत राहून कोंदली व्हती. मी मागच्या कुंपनावर वाळत टाकली. कुंपन कसलं, पांढऱ्या लाकडाचं, कमरेएवढं. दुपारी शेजारची बाई येऊन बगून गेली. हसली. मला वाटलं, आवडली. दुसऱ्या दिवशी घराच्या दाराला चिठ्ठी. त्या वसाहतीत भायेर कायबी वाळत घालायचं न्हाई, असा नियम हाय म्हने. दिसाय बरं दिसत न्हाई.

मी संपतला इच्यारलं, मंग तुमी कापडं वाळवता कशात? तो म्हनला, मशिनीत. म्हनलं, ती मशीन कशावर चालती? विजेवर. आन् वीज कशातनं? कोळसा, अनु, कशाकशातनं. आन् डोक्यावर हे ऊन फुकट जातंय ते? "आये, रूल आहे. रूल म्हणजे रूल," म्हनला. मी घोंगडी पुन्यांदा आत नेली. ज्या देशात ऊन वापराय बंदी, तितं आपन काय बोलायचं.

संपत त्या दिवसांत लई गप्प असायचा. त्येच्या हाफिसातली मानसं कमी करत व्हते. फोनवर सारखं यस यस चालायचं. मेधानं मला सांगितलं, गिऱ्हाईक काय बी मागू दे, आधी हो म्हणायचं आणि मग रात्रभर बसून ते करायचं, असंच त्यांचं काम चालतं. नाही म्हटलं की ते काम दुसऱ्याकडे जातं. मी ऐकून घेतलं. त्येचा माज्याशी काय संबंध, असं तवा वाटलं.

परदर्शन

परदर्शनाचा मांडव म्हंजे एक मोठी वखारच. आत गारठा असा की मीच एक घोंगडं पांघरून बसले. लोक थांबायचे, माजा फोटू काढायचे आन् जायाचे.

पैल्या दिवशी एका मोठ्या दुकानाचा मानूस आला. त्येनं घोंगड्याला हात सुदिक लावला न्हाई. किती देता, कवा देता, भाव किती उतरवता, आन् टोचतंय म्हनून त्यात नायलॉनचा धागा मिसळता का, एवढंच इच्यारलं. संपत प्रत्येकाला यस. मी म्हनलं, अरं, एकटा दत्तू हाय, तो काय गिरनी हाय का? संपत म्हनला, "आये, तू फक्त हसत बस. बाकीचं मी हँडल करतो." तो मानूस पुन्यांदा आला न्हाई. बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी ती बाई आली. इंग्रिड तिचं नाव, देश नॉर्वे. उंच, केस पांढरे, माज्यापेक्षा थोडी ल्हान असंल. तिचं तिकडं दुकान हाय, लोकरीच्या मालाचं. तिनं घोंगडं उचललं, नाकाला लावलं आन् जोरात हुंगलं. मंग हसली. तितल्या तितं मला ती बाई बरी वाटली. म्होरं जे झालं त्येनं ते बरं वाटनं पार गेलं.

प्रश्न. मेंढरं कुटं चरतात? ते रान कुनाचं? रंग कसला? म्हनलं, मेंढीचा. काळ्या मेंढीचं काळं, पांढरीचं पांढरं. धाग्याला ही खळ कशाची? चिंचोक्याची. चिंचोके कुटनं आनता? झाडाखालनं. झाड तोडता का? बाई, झाड तोडलं तर चिंचोके कुटनं येतील! धाग्यात नायलॉन हाय का, प्लास्टिक नको मला. न्हाई, बाई. माग कसल्या लाकडाचा? बाभळीचा, सासऱ्यानं केलेला. मी हिकडनं सांगायची, संपत विंग्रजी करायचा, ती लिवून घ्यायची. पोरगी बगाय आलेल्यांनी सुदिक मला एवढं इच्यारलं नव्हतं.

मंग तिनं इच्यारलं, कातरायच्या आदी मेंढरं धुता का? कुटं धुता? पानी कुटं जातं?

मी म्हनलं, "वढ्यात."

ह्येवर संपत विंग्रजीत लई वेळ बोलला. बाई मान हालवत लिवत व्हती.

माजी सोसायची हद्द झाली. म्हनलं, संपत, हिला इच्यार, घोंगडं घ्यायचंय का मेंढीशी सोयरीक करायचीया? संपतनं ते जरा गोड करून इच्यारलं असंल. बाईनं पेन खाली ठेवला आन् शांतपनी सांगितलं, ते संपतनं मला सांगितलं ते असं.

तिचा देश ल्हान. आपल्या सातारा सांगलीत मिळून जेवढी मानसं, तेवढी सुदिक तितं न्हाईत. डोंगर, समुद्र, थंडी. पुष्कळ वस्तू भायेरच्या देशातनं येतात. ती म्हनली, "आम्ही वापरतो त्या वस्तूची घाण आमच्याकडे होत नाही, ती दुसऱ्याच्या नदीत होते. आमचे नियम त्या नदीपर्यंत पोचत नाहीत. आमच्या हातात एकच गोष्ट आहे, घ्यायचं की नाही घ्यायचं." अशे चार ल्हान देश हायेत म्हने, ते एकत्र मिळून मोठ्या देशांशी व्यापाराचे करार कराय बसतात, कारन एकट्याला कोन ऐकतंय. आता त्यांच्यात वाद चाललाय, की करारात मालाच्या जकातीबरोबर पानी, रान, हवा ह्ये बी लिवायचं का. काही म्हनतात लिवा. काही म्हनतात, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नका. तिच्या दुकानानं मातुर वाट बगायची न्हाई असं ठरिवलंय.

मी संपतला हळूच इच्यारलं, ह्यांचा देश पोट कशावर भरतो? तो म्हनला, मासे आणि तेल. खनिज तेल, लई विकतात. म्हनलं, मंग हिला इच्यार, तुमचं तेल दुसऱ्याच्या गावात जळतं त्येचा धूर कुनाच्या वहीत लिवता?

संपत म्हनला, आये, गिऱ्हाईक हाय ते. म्हनलं, इच्यार.

त्येनं इच्यारलं. बाईचं तोंड लाल झालं. पन रागावली न्हाई. म्हनली, "माझा भाऊ तेलावरच काम करतो. आमच्या घरी दर नाताळाला ह्याच प्रश्नावरून जेवण थंड होतं." मंग म्हनली, उत्तर अजून सापडलं नाही, पण म्हणून मेंढरांचं विचारायचं थांबवू का?

मी घोंगडं पुन्यांदा तिच्या म्होरं सरकवलं.

तवा तिनं एक कागद काढला. आपल्याला सगळं नीट कळलं का, ते माज्याकडनं खात्री करून घ्यायचं व्हतं तिला. मला वाचता येत न्हाई म्हनून तिनं चित्रं काढली. मेंढी काढली. खाली एक झाकन असलेली टाकी काढली. टाकीतनं नळी, नळीच्या टोकाला झाडं. बोटानं मेंढी दावली, टाकी दावली, झाडं दावली, आन् माज्याकडं बगितलं, बरोबर?

मी संपतकडं बगितलं. तो मोबाईलकडं बगत व्हता.

"ह्यी टाकी कुटं हाय रं?"

"आये, ती नंतर बांधू. आत्ता हो म्हण."

"आन् नंतर म्हंजे कवा?"

तवा त्येनं सांगितलं, की कातरनीच्या टायमाला तिचा मानूस गावाला बगाय येनार हाय. तवर दत्तू बांधंल कायतरी.

मला वढा दिसाय लागला. आमच्या गावच्या खालच्या अंगाला वाडी हाय. तितल्या बाया वढ्यात झिरा उकरून पानी भरतात. आदी नुसती मेंढरं धुवायचे, पानी गढूळ व्हायचं आन् दोन दिसांत निवळायचं. आता गोचिडाचं औषध घालून धुतात. त्या दिवसांत झिऱ्याच्या पान्याला वास येतो, बारके मासे उलटे व्हतात, आन् वाडीच्या बाया आमच्या नावानं बोटं मोडतात. हे सगळ्या गावाला म्हाईत हाय. येनारा मानूस आंधळा असनार व्हता का?

मी बाईच्या हातातनं पेन घेतला. टाकीवर काट मारली. मेंढीपासनं वढ्यापत्तर रेघ वढली. खाली घागरी काढल्या, घागर मला येते, रांगोळीत काढतो आमी. मंग संपतला म्हनलं, औषधाचं बी सांग.

"आये, नको. ऑर्डर जाईल."

"सांग. न्हाईतर मी हातवारे करून सांगते, ते बरं दिसनार न्हाई."

त्येनं सांगितलं. एक एक शब्द दात उपटल्यावानी.

बाईनं आबार मानले. मला वाटलं, खरं सांगितलं म्हंजे आता खूश व्हईल, आर्डर दील. कसलं काय. तिनं वही मिटली. म्हनली, असं असेल तर आता काहीच घेता येणार नाही. पुढच्या कातरणीला पाणी ओढ्यात गेलं नाही, तर एका मागावर थंडीभर जेवढं होईल तेवढं सगळं ती घेणार. गेलं, तर नाही. माजा हात हातात घिऊन दाबला आन् गेली. हात दाबून कुनाची चूल पेटत न्हाई.

गाडीत बसताना संपतनं दार आपटलं. मंग म्हनला, "काय गरज होती? सगळं जग असंच चालतं, आये. आधी हो म्हणायचं, मग करायचं."

"तुजं कंपुटरात चालत असंल. तितं उघडून कोन बगतंय? वढा उघडाच हाय."

"दत्तूनं माग बंद केला तर मग मला बोलू नकोस."

ते मातुर लागलं. कारन ते खरं व्हतं. गेले व्हते खड्डा वाचवाय, आन् माज्याच हातानं काट मारून आले. मी काचेतनं भायेर बगत बसले. मैलोन् मैल हिरवा मका, बांधावर एक झाड न्हाई.

माघारी

दत्तूला सांगितलं तर तो हसलाच. "गिऱ्हाईक आनाय गेलीस आन् काम घिऊन आलीस व्हय?"

मेंढरं आमची न्हाईत, बिरू धनगराची. लोकर त्येच्याकडनं घेतो. त्येला म्हनलं, औंदा मेंढरं वढ्यात धुवायची न्हाईत, वर मुरमाड जागेवर खड्डा काढू, तितं पानी वतून धुवायची. बिरू कपाळावर हात मारून म्हनला, "म्हातारे, अमेरिकेला काय जाऊन आलीस, मेंढरांना न्हानीघर बांधाय निगालीस. साबन कुठला आनू?" सगळी हसली. हसा म्हनलं. दुसऱ्या दिवशी मीच टिकाव घिऊन गेले. गटातल्या चौघी आल्या. दत्तू लांबनं बगत उबा ऱ्हायला, मंग शिव्या देत देत आला आन् टिकाव हिसकून घेतला.

पानी वाहून मान मोडली. मेंढरं खड्ड्याला बिचकायची, एक आत गेली की दुसरी पळायची. बिरू दर मेंढीमागं नॉर्वेचा उद्धार करायचा. वढ्यात एका दुपारचं काम, त्येला कितीतरी दिस लागले.

मंग बाईचा मानूस आला. पुन्याचा पोरगा, पाठीवर पिशवी. त्येनं खड्डा बगितला, वढा बगितला, वाडीच्या झिऱ्याचं पानी बाटलीत घेतलं. आन् म्हनला, आजी, छान आहे, पण हे पाणी खाली झिरपतं. शेततळ्याला टाकतात तो प्लास्टिकचा कागद टाकायला हवा.

म्हनलं, अरं बाबा, तीच बाई म्हनली ना, प्लास्टिक नको?

तो म्हनला, घोंगड्यात नको, खड्ड्यात हवा.

मी खाली दगडावर बसले. पन कागद आनला. टाकला. पुन्यांदा पानी वाहिलं, उरलेली मेंढरं धुतली. वाडीची एक बाई आली, बगून गेली, बरं वाईट कायबी बोलली न्हाई. त्या वर्सी बोटं मोडली न्हाईत एवढं खरं.

आर्डर आली. थंडीभराची, एका मागाची. दत्तू मागाच्या खड्ड्यात बसला, आन् धोट्याचा आवाज घरात पुन्यांदा चालू झाला. पन सुख कुटलं? आर्डरीबरोबर नवे प्रश्न. संपत फोनवरनं वाचून दावत व्हता. खड्ड्यातला गाळ कुटं टाकनार? कागद फाटला की त्येचं काय करनार? म्हनलं, लिव, गाळ वाळवून दूर पुरतो. लिव, कागद फाटल्यावर कळवतो. शेवटी संपत थांबला. म्हनला, "आये, अजून एक आहे. ती विचारते, दहा वर्षांनी हे कोण विणणार? म्हणजे त्यांना बघायचं असतं, धंदा टिकणार की नाही."

मागाकडनं धोट्याचा आवाज येत व्हता.

"मी लिहितो, दत्तू विणणार," संपत म्हनला.

"थांब. त्येलाच इच्यारते."

फोन तसाच हातात धरून मी मागापाशी गेले. दत्तू वाकून इनत व्हता. त्येला सांगितलं, बाई असं इच्यारतीया. त्येचा हात थांबला. पाठ सरळ केली, कमरेवर हात ठेवला. लोकरीची बारीक तुसं त्येच्या मिशांवर बसली व्हती.

"म्होरच्या कातरनीपत्तर मी हाय," म्हनला. "त्येच्या म्होरलं मला म्हाईत न्हाई. तसंच लिव म्हनावं."

म्या फोन कानाला लावला आन् संपतला म्हनलं, ऐकलंस ना? तेवढंच लिव.